आरसा न हलवता लेझर वळतो कसा? – वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात लिक्विड क्रिस्टलवर एक छोटं टिपण दिलं होतं, त्यात एक ओळ होती की हे मटेरियल नुसतं टीव्ही-मोबाईलच्या स्क्रीनमध्येच नाही तर प्रकाशाचा बीम पाहिजे तिकडे वळवायलाही वापरतात. त्या एका ओळीवर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडून इतके प्रश्न आले की यावेळचा सगळा कॉलम त्यालाच दिलाय. मनापासून आनंद झाला, कारण हा विषय मला स्वतःला फार आवडतो आणि शाळा-कॉलेजात तो जवळजवळ कुठेच शिकवत नाहीत.

सर, मी अकरावी सायन्सला आहे. तुम्ही लिहिलं की दोन काचांच्या मधे लिक्विड क्रिस्टल भरून लेझरची दिशा बदलता येते आणि त्यात काहीच हलत नाही. पण प्रकाश तर सरळ जातो ना? आरसा किंवा प्रिझम फिरवला नाही तर तो वळेल कसा? – विद्यार्थिनी, चोपडा

प्रश्न एकदम मुळाचा विचारलास. गणपतीत लेझीम पथक चौकात वळतं तेव्हा नीट बघ, एका ओळीतली आतल्या बाजूची पोरं जवळजवळ जागच्या जागी पाय आपटतात, बाहेरची लांब टांगा टाकतात, मधली मधल्यासारखी, आणि अख्खी ओळ वळते, तिला कोणी धरून फिरवत नाही. बीमचंही तेच आहे. बीमला रुंदी असते, तिच्या एका कडेचा प्रकाश थोडा मागे ठेवला, दुसऱ्या कडेचा तसाच जाऊ दिला आणि मधल्याला त्या-त्या प्रमाणात उशीर केला की लाटेची पुढची रेघ तिरपी होते आणि बीम उशीर झालेल्या बाजूला वळतो. प्रिझमसुद्धा हेच करतो, जाड बाजूला काच जास्त म्हणून तिथे उशीर जास्त. म्हणजे आपल्याला प्रिझम नकोच आहे, आपल्याला फक्त ठिकठिकाणी वेगवेगळा उशीर करता आला पाहिजे, तो विजेने करता आला तर काम झालं.

इथे लिक्विड क्रिस्टल येतं. याचे रेणू लांबट काडीसारखे असतात आणि सगळे साधारण एकाच दिशेला तोंड करून असतात, तरी पदार्थ वाहतो. प्रकाशाचं कंपन काडीच्या लांबीच्या दिशेने असेल तर प्रकाश जास्त हळू जातो, आडवं असेल तर कमी. ई-सेव्हन नावाचं एक प्रसिद्ध मिश्रण आहे, त्यात अपवर्तनांक (म्हणजे प्रकाश किती पट हळू होतो तो आकडा) एका दिशेला साधारण १.७४ आणि दुसऱ्या दिशेला १.५२ आहे. काचेच्या आतल्या बाजूला पॉलिइमाइड नावाच्या प्लास्टिकचा पातळ थर देतात आणि तो मखमलीसारख्या कापडाने एकाच दिशेने घासतात, त्या घासलेल्या दिशेला रेणू आपोआप रांगेत लागतात (पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला खरंच वाटेना की एवढ्या हायटेक वस्तूत कापडाने घासणं हे इतकं महत्त्वाचं काम असेल). काचेवर पारदर्शक इलेक्ट्रोड असतात. साधारण एक व्होल्टपर्यंत रेणू जागचे हलत नाहीत, त्याच्या वर गेलं की ते हळूहळू उभे राहायला लागतात, आणि जसे उभे राहतात तसा तिथला प्रकाश कमी उशिराने बाहेर पडतो. रशियन शास्त्रज्ञ फ्रेडरिक्स यांच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. आता इलेक्ट्रोडच्या शेकडो बारीक पट्ट्या केल्या आणि प्रत्येकीला वेगळं व्होल्टेज दिलं की झाला तुझा विजेवर चालणारा प्रिझम.

पण थांब, एक मोठी अडचण आहे आणि ती सोडवायची युक्ती या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट आहे. समज बीम २५ मिलिमीटर रुंद आहे आणि फक्त १ अंश वळवायचाय. मग दोन कडांमधे जवळजवळ ०.४४ मिलिमीटरचा फरक पाडावा लागेल, आणि १.७४ व १.५२ मधला फरक ०.२२ म्हणजे लिक्विड क्रिस्टलचा थर २ मिलिमीटर जाड लागेल. ऐकायला काहीच वाटत नाही, पण रेणूंना परत आपल्या जागी यायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ४ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थराला १० मिलिसेकंद लागत असतील तर २ मिलिमीटरला अडीच लाख पट, म्हणजे चाळीसेक मिनिटं!

युक्ती अशी की लाट दर तरंगलांबीला स्वतःची पुनरावृत्ती करते. एकाच रंगाचा लेझर असेल तर बरोबर एक पूर्ण लाट उशीर केला काय आणि अजिबात नाही केला काय, फरक पडत नाही. म्हणून उशीर शून्यापासून एका लाटेपर्यंत वाढवत न्यायचा, एक लाट पूर्ण झाली की परत शून्यावर आणायचा, परत वाढवायचा. करवतीच्या दातांसारखा आकार होतो. आता जाडी फक्त एका लाटेपुरती लागते, लाल लेझरची लाट ०.६३३ मायक्रॉनची, ०.२२ ने भागलं तर ३ मायक्रॉनच्या आत काम होतं. रडारच्या फेज्ड ॲरे अँटेना (वेगवेगळा उशीर देणाऱ्या छोट्या अँटेनांची रांग) याच तत्त्वावर चालतात, इथे फक्त रेडिओऐवजी प्रकाश आहे. कोन किती पडेल ते दाताच्या लांबीवर ठरतं, तरंगलांबी भागिले दाताची लांबी म्हणजे कोनाची साइन व्हॅल्यू. ८ मायक्रॉनचा पिक्सेल (म्हणजे वरची एक पट्टी) आणि एका दातात ८ पिक्सेल घेतले तर ०.५७ अंश, ४ घेतले तर १.१३ अंश. दात लहान तेवढा कोन मोठा, व्होल्टेजचा नकाशा बदलला की बीम दुसरीकडे. वहीत करून बघ, अकरावीच्या गणितात बसतं.

मी भुसावळला फिजिक्स शिकवतो. तुमच्या हिशोबाने कोन फारच छोटा दिसतो. गाडीच्या लायडारला (लेझर फिरवून आजूबाजूची अंतरं मोजणारं यंत्र) तर शंभर-सव्वाशे अंश लागतात. मग याचा एवढा गवगवा कशासाठी?

सर, बरोबर जागी बोट ठेवलंत. एका दातात पिक्सेल कमी केले की पायऱ्या जाड होतात आणि प्रकाश भलतीकडे सांडतो. थिअरीप्रमाणे ८ पायऱ्यांना ९५ टक्के प्रकाश हव्या त्या दिशेला जातो, ४ ला ८१ टक्के आणि २ ला फक्त साडेचाळीस, कारण दोन पायऱ्यांच्या दाताला डावी-उजवी बाजूच राहत नाही, तेवढाच प्रकाश उलट बाजूलाही जातो. त्यात भर म्हणजे दात जिथे एका लाटेवरून शून्यावर उतरतो तिथे रेणू एकदम उभ्याचे आडवे होऊ शकत नाहीत, शेजारच्या पट्टीचं इलेक्ट्रिक फील्ड मधे घुसतं, मग तो उतार सरळ कड्यासारखा न राहता घसरगुंडीसारखा होतो आणि तेवढा भाग वाया जातो. कोन मोठा करायचा म्हणजे असे उतार जास्त, म्हणजे वाया जाणारा भागही जास्त. व्यवहारात म्हणून अशा पट्ट्यांच्या रांगेचा, म्हणजे करवती ॲरेचा, वापर थोड्याच अंशांपुरता होतो.

मोठ्या कोनासाठी दुसरा रस्ता आहे आणि त्याची मुळं आपल्याकडे, बेंगळुरूत आहेत. शिवरामकृष्णन पंचरत्नम या विशीतल्या तरुणाने १९५६ मधे दाखवलं की प्रकाशाचं ध्रुवण (म्हणजे त्याचं कंपन कोणत्या दिशेने होतं ते) एका अवस्थेतून दुसरीत फिरवत परत मूळ जागी आणलं तर लाटेला एक जादा फेज मिळते, म्हणजे ती थोडी पुढे-मागे सरकते, आणि ती वाटेच्या लांबीवर नाही तर ध्रुवण कुठून कुठून फिरलं त्यावर ठरते. जवळजवळ तीस वर्षांनी इंग्लंडच्या मायकेल बेरी यांनी हीच कल्पना क्वांटम भौतिकीत स्वतंत्रपणे मांडली आणि पुढे पंचरत्नम यांच्या कामाचं महत्त्व त्यांनी स्वतःच जगाला सांगितलं. तोवर पंचरत्नम हयात नव्हते, १९६९ मधे फार लवकर गेले. त्यांचे भाऊ एस. चंद्रशेखर यांनी १९७७ मधे चकतीच्या आकाराच्या रेणूंची लिक्विड क्रिस्टल शोधली, तोपर्यंत जगाला फक्त काडीसारखी माहीत होती. दोघेही सी. व्ही. रामन यांचे भाचे. वर्गात पोरांना हे जरूर सांगा सर, आपली पोरं परदेशी नावं पाठ करतात आणि ही दोन नावं त्यांच्या कानावरून सुद्धा जात नाहीत याचं मला फार वाईट वाटतं.

तर या जादा फेजवर पोलरायझेशन ग्रेटिंग चालतं (ग्रेटिंग म्हणजे प्रकाश वळवणारी, ठराविक अंतराने परत परत येणारी बारीक नक्षी). त्यात रेणू उभे-आडवे होत नाहीत, काचेच्या पातळीतच पुढे पुढे फिरत गेलेले असतात आणि तसेच पक्के केलेले असतात. डाव्या हाताचा वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश (ज्याचं कंपन पुढे जाता जाता गोल फिरत राहतं असा) एका बाजूला वळतो, उजव्या हाताचा दुसऱ्या बाजूला, आणि तोही जवळजवळ सगळाच्या सगळा. त्याच्या आधी एक साधा लिक्विड क्रिस्टल स्विच ठेवला जो डाव्याचं उजवं करतो, की बीम इकडून तिकडे. स्विच आणि ग्रेटिंगच्या अशा तीन जोड्या एकामागे एक लावल्या आणि प्रत्येकीचा कोन आधीच्या दुप्पट ठेवला तर आठ दिशा मिळतात. या पायऱ्यांनी मोठी उडी घ्यायची आणि मधलं बारीक काम करवती ॲरेने करायचं, अशी जोडी लावतात. आणि लायडारचं म्हणाल तर फिरत्या आरशाला मोटर लागते, बेअरिंग लागतं, धूळ आणि गचके सोसावे लागतात. आपल्या हायवेवर रोज गाडी चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

माझी जळगावला इलेक्ट्रॉनिक्स रिपेअरिंगची टपरी आहे. मे महिन्यात उन्हात राहिलेल्या गाड्यांचे डिजिटल मीटर काळे पडून येतात आणि सावलीत ठेवले की आपोआप नीट होतात. मग असलं बीम वळवणारं यंत्र आपल्याकडच्या उन्हाळ्यात टिकेल का?

भाऊ, तुम्ही जे बघताय तो लिक्विड क्रिस्टलचा अगदी मूळ गुण आहे. तापमान एका हद्दीपुढे गेलं की रेणूंची रांग मोडते आणि तो साध्या तेलासारखा द्रव होतो, प्रकाशाचं ध्रुवण फिरवायचं बंद करतो आणि एकमेकांना आडव्या लावलेल्या दोन पोलरायझरच्या (एकाच दिशेचं कंपन पास करणाऱ्या पट्ट्यांच्या) मधे सगळं काळं दिसतं. गार झालं की रांग परत लागते. १८८८ मधे प्रागला फ्रीडरिक राइनिट्झर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला हेच दिसलं होतं, कोलेस्टेरॉलपासून बनवलेला एक पदार्थ १४५ अंशांना वितळून गढूळ झाला आणि १७८ च्या पुढे एकदम स्वच्छ झाला, म्हणजे दोन-दोन वितळणबिंदू.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांच्या टीमने फाइव्ह-सीबी नावाचा पदार्थ बनवला, तो खोलीच्या तापमानाला चालतो आणि टिकाऊ, त्याने घड्याळ-कॅल्क्युलेटरचं सगळं जगच बदललं. पण त्याची हद्द जेमतेम ३५ अंश. म्हणजे एकट्या फाइव्ह-सीबीचं यंत्र जळगावला मे महिन्यात सावलीत ठेवलं तरी दुपारी नुसतं पाणी! म्हणून मिश्रणं करतात, वर सांगितलेलं ई-सेव्हन साधारण ६० अंशांपर्यंत जातं, आणि गाड्यांसाठी १०० च्या पुढे टिकणारी मिश्रणंही आहेत. तेव्हा टिकेल, फक्त मिश्रण बघून घ्यावं लागेल.

एक गोष्ट मात्र मीटरमधे कळत नाही आणि बीम वळवताना त्रास देते. हद्द यायच्या बरंच आधीपासून तो ०.२२ चा फरक कमी कमी होत जातो. मीटरला काय, आकडा दिसला म्हणजे झालं, पण इथे एक पूर्ण लाट उशीर व्हायला पाहिजे तिथे पाऊण लाटच झाली तर करवतीचे दात बुटके होतात आणि उरलेला प्रकाश सरळ निघून जातो. म्हणून आत तापमानाचा सेन्सर ठेवून व्होल्टेजचा नकाशा तापमानाप्रमाणे बदलावा लागतो. उन्हाळ्याचा एक फायदा पण आहे, द्रव पातळ होतो म्हणून रेणू पटापट हलतात, डिसेंबरच्या पहाटे तेच यंत्र सुस्त होतं.

त्याच टपरीवाल्या भाऊंचा पुढचा प्रश्न – माझ्याकडे जुन्या लॅपटॉपच्या स्क्रीन ढिगाने पडल्यात, पोराला त्यावर काही करून दाखवता येईल का?

येईल आणि फार छान येईल. एलसीडी स्क्रीनचे टीएन आणि आयपीएस असे प्रकार असतात, त्यातली साधी स्वस्तातली टीएन स्क्रीन निवडा, ती वीज नसताना प्रकाश पास करते, आयपीएस घेतली तर वीज नसताना ती काळीच राहते आणि काही दिसणार नाही. मागचा बॅकलाइट, पांढरे कागद, सगळं काढून नुसतं काचेचं पॅनल ठेवा. फार जुनी स्क्रीन असेल तर आत बारीक ट्यूब असते, तिच्यात पारा असतो, ती फोडू नका. पॅनलला तडा गेला आणि द्रव बाहेर आला तर हात लावू नका.

पॅनल उभं करा, लाल लेझर पॉइंटर त्यातून आरपार मारा आणि ३ मीटरवरच्या भिंतीवर बघा. एका ठिपक्याऐवजी ठिपक्यांची अख्खी जाळी दिसेल. पॉइंटर स्वतःभोवती फिरवला की ठिपके उजळतात-मंदावतात, तो पोलरायझरचा परिणाम. आता पट्टीने दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजा. १५.६ इंची, १३६६ बाय ७६८ ची स्क्रीन असेल तर ते साधारण पावणेआठ मिलिमीटर येईल, कारण पिक्सेल पाव मिलिमीटरचा आहे. पोराला विचारा की एका पिक्सेलमधे तर लाल-हिरवा-निळा असे तीन भाग असतात, मग अंतर त्या तिप्पट बारीक भागाचं का नाही आलं? थोडा वेळ डोकं खाजवू द्या. उत्तर असं की लाल लेझर हिरव्या-निळ्या फिल्टरमधून जातच नाही, त्याला फक्त लाल खिडक्या दिसतात आणि त्या पाव मिलिमीटरवर आहेत.

या स्क्रीनने बीम वळणार नाही, तो वाटला जाईल. ती फक्त प्रकाश कमी-जास्त करायला बनवलीय, म्हणून प्रकाश सगळ्या ठिपक्यांत पसरतो, एकाच ठिपक्यात सगळा प्रकाश ढकलायला ते करवतीचे दात लागतात. लेझर कोणाच्या डोळ्यात जाणार नाही एवढं मात्र काटेकोर बघा, चमकदार काचेवरून परतणाराही.

नंदुरबारला फायबर केबलच्या कामावर आहे. हे सगळं लॅबमधेच आहे की कुठे खरोखर वापरतात?

तुमच्याच लाइनमधे वापरतात भाऊ! मोठ्या शहरांना जोडणाऱ्या फायबरच्या नेटवर्कमधे तरंगलांबी निवडणारे स्विच असतात. फायबरमधून आलेले अनेक रंग ग्रेटिंगने वेगळे करून एका लिक्विड क्रिस्टल चिपवर शेजारी शेजारी पाडतात, प्रत्येक रंगाच्या पट्ट्याला आपला आपला करवती नकाशा, आणि तो रंग ज्या फायबरमधे पाहिजे तिकडे वळतो. रूट बदलायचा तर सॉफ्टवेअरमधून नकाशा बदलतात, साइटवर माणूस पाठवायला लागत नाही. बाहेर जाणारे फायबर एकमेकांच्या अगदी जवळ असतात म्हणून एक-दोन अंश भरपूर होतात. शिवाय बायॉलॉजीच्या लॅबमधे लेझरच्या चिमट्याने सूक्ष्म कण पकडून हलवतात, तिथेही हीच चिप.

आमची साक्रीकडे शेती शे, पंपाला सोलर पॅनल लावेल शे. दिवसभर ऊन पॅनलवर वळवायला अशी काच लावली तर पॅनल फिरवायची कटकट जाईल. हाई शक्य शे का भाऊ?

नाही हो दादा, आणि खर्च करायच्या आधी विचारलंत हे फार चांगलं केलंत. हे तंत्र एका वेळी एका ध्रुवणाच्या प्रकाशावर चालतं, म्हणजे अर्धं ऊन तिथेच गेलं. करवतीचे दात एका रंगासाठी कापलेले असतात आणि उन्हात सगळे रंग, ते वेगवेगळ्या कोनात जातील. सूर्य तासाला १५ अंश सरकतो आणि हे वळवणार दोन-चार अंश, त्यात तुम्हाला काही मीटर लांबरुंद काच लागणार. सूर्यामागे पॅनल फिरवायला हळू चालणारी मोटरच योग्य, आणि तेही नको असेल तर पॅनल दक्षिणेकडे तोंड करून साधारण २१ अंश कलता पक्का बसवा आणि धूळ पुसत राहा, आपल्याकडे धूळच जास्त नुकसान करते.

जुन्या डिजिटल घड्याळाची एलसीडी काच काढली आहे, तिला थेट बॅटरी लावून रेणू उभे करून बघू का? – डिप्लोमाचा विद्यार्थी, अमळनेर

थेट बॅटरी लावू नकोस. सेगमेंट (आकड्यातली एक रेघ) काळा होईल, तुला वाटेल जमलं, पण डीसी व्होल्टेजने आतले आयन एका इलेक्ट्रोडकडे गोळा होतात, तिथे रासायनिक क्रिया सुरू होते आणि काच हळूहळू कायमची खराब होते. म्हणून लिक्विड क्रिस्टलला नेहमी एसी देतात, रेणूंना प्लस-मायनस कळत नाही, ते दोन्ही वेळेला तसेच उभे राहतात. आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) असेल तर सोपं आहे. एक पिन कॉमनला, दुसरी सेगमेंटला, एक हाय असताना दुसरी लो आणि दर ५ मिलिसेकंदांनी दोघींची अदलाबदल. सरासरी शून्य राहते आणि सेगमेंट उठून दिसतो. दोन्ही पिना एकत्र हाय, एकत्र लो केल्या की सेगमेंट पुसला जातो. ३.३ व्होल्टचा बोर्ड मिळाला तर जास्त बरं. आणि प्रोग्राम थांबवताना दोन्ही पिना आठवणीने लो कर, नाहीतर शेवटच्या अवस्थेतलं व्होल्टेज तसंच लागून राहतं आणि तो परत डीसीच झाला.